फ्रिज धुतला तरी वास का जात नाही?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट, सात वर्षांचा डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिज. गेल्या महिन्याभरात दोनदा लिंबू आणि सोडा लावून आतून धुतला, तरी चार दिवसांत कुबट वास परत येतो. भाजीच्या खणाखाली पाणी साचतं. एका मेकॅनिकने फोनवरच सांगून टाकलं, ‘गॅस गेलाय, भरावा लागेल.’ आणि सासूबाईंचं म्हणणं, उकळत्या पाण्याने एकदा स्वच्छ धू, नाहीतर दिवाळीला नवा घेऊ.

आधी गॅसचं बोलू, कारण त्यात पैसे जातात. गॅस गेलेला फ्रिज थंड करत नाही. बर्फ धरत नाही, दूध फाटतं, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. तुमच्याकडे दही व्यवस्थित राहतंय, बर्फ होतोय. शिवाय भाजीखाली पाणी येतंय याचाच अर्थ आत कॉइलवर बर्फ धरतोय आणि वितळतोय, म्हणजे थंड करणारी यंत्रणा तिचं काम करते आहे. पाणी फक्त जायचं तिकडे न जाता तुमच्या भाजीखाली येतंय. हा गॅसचा नाही, पाण्याच्या वाटेचा प्रश्न आहे. गॅस भरून पाणी थांबत नाही. फोनवर, फ्रिज न बघता ‘गॅस’ म्हणणाऱ्याला घरी बोलावू नका.

वासाचंही तेच. तुम्ही जे धुतलंत ते, म्हणजे कप्पे, ट्रे, भिंती, आधीही फार घाण नसणार. वास बहुतेक वेळा जिथे आपला हात पोचत नाही तिथून येतो आणि तिथे ओल असते. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून मी फ्रिज दुरुस्तीचंच काम करतोय, आणि ‘धुतला तरी वास येतो’ म्हणून ज्या घरी जातो तिथे मी कप्प्यांकडे बघतही नाही. आधी दाराचं रबर बघतो, मग पाणी जायचं भोक, मग मागचा ट्रे. यातल्या एका ठिकाणी तरी उत्तर सापडतंच.

पाणी कुठून कुठे जातं ते एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडावा देणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पॅनलआड असते. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते, तिच्यातली वाफ त्या कॉइलवर बर्फ होऊन बसते. दर काही तासांनी एक हीटर थोडा वेळ चालू होतो आणि तो बर्फ वितळवतो. ते पाणी कॉइलखालच्या पन्हाळीत पडतं, तिथल्या भोकातून नळीत उतरतं आणि फ्रिजच्या मागे खाली, कॉम्प्रेसरवर बसवलेल्या ट्रेमध्ये जमा होतं. कॉम्प्रेसर गरम असतो, त्या उष्णतेने पाणी उडून जातं. तुम्हाला काहीच करावं लागत नाही, म्हणूनच तर सात वर्षं हा ट्रे कोणाला आठवत नाही.

आता या वाटेत कोथिंबिरीचं पान, फाटलेल्या पिशवीचा तुकडा, नाहीतर नुसता चिकट गाळ अडकला की पाणी पन्हाळीतच गोठतं. मग फ्रीझरच्या तळाशी काचेसारखा पातळ बर्फाचा थर दिसू लागतो. पुढच्या वेळी वितळलेलं पाणी त्यावरून वाहत, हवा खाली यायच्या वाटेने मधल्या कप्प्यांत उतरतं आणि शेवटी सगळ्यात खाली, भाजीच्या खणाखाली साचतं. तुमच्या फ्रीझरमधलं सामान बाजूला करून तळ बघा. तिथे असा थर असेल तर निदान झालंच.

पावसाळ्यात हे सगळं वाढतं. हवा दमट, म्हणून आत जास्त बर्फ आणि जास्त पाणी. आणि हवा दमट म्हणूनच मागच्या ट्रेमधलं पाणी लवकर उडत नाही. एप्रिलमध्ये नाशिकची हवा इतकी कोरडी असते की ट्रे बहुतेक वेळा कोरडाच. जुलै-ऑगस्टमध्ये तोच ट्रे काठापर्यंत भरलेला सापडतो. ‘फ्रिज गळतोय’ असे फोन मला पहिल्या मोठ्या पावसानंतर सुरू होतात.

सुरुवात मागच्या ट्रेपासूनच करा. फ्रिज बंद करा, नुसता नॉब शून्यावर आणून नाही, प्लग काढून. स्टॅबिलायझर असेल तर तोही बंद. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून प्लगला हात लावू नका, हे सांगायला नको, पण मी बघितलंय म्हणून सांगतोय. फ्रिज पुढे ओढताना एकट्याने ओढू नका आणि फार कलंडवू नका. मागे खाली कॉम्प्रेसर दिसेल, काळा, घागरीएवढा, आणि त्याच्या डोक्यावर किंवा शेजारी प्लास्टिकचा उथळ ट्रे. कॉम्प्रेसर गरम असतो, थोडा वेळ थांबा. काही मॉडेलमध्ये ट्रे एका स्क्रूवर असतो किंवा खाचेतून सरकतो. काहींत तो निघतच नाही. निघत नसेल तर जबरदस्ती करू नका, शेजारीच तांब्याच्या बारीक नळ्या असतात. बिनसुईच्या इंजेक्शनने किंवा स्पंजने पाणी शोषून घ्या, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, कोरडं करा.

त्या ट्रेमध्ये काय सापडेल याची तयारी ठेवा. काळसर, बुळबुळीत थर, धूळ, मेलेली झुरळं, कधी पालीची अंडी. कॉम्प्रेसर चालू झाला की हे सगळं कोमट होतं आणि त्याचा वास मागून स्वयंपाकघरभर पसरतो. आपण मात्र आतले डबे एकेक उघडून हुंगत बसतो. वास आतला की बाहेरचा हे ओळखायची साधी युक्ती अशी: रात्रभर दार उघडू नका, सकाळी दार उघडायच्या आधी फ्रिजच्या मागच्या बाजूला खाली नाक न्या. तिथे वास असेल तर आत कितीही लिंबं घासा, उपयोग नाही.

या ट्रेचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. डेंगीचा डास, एडिस, साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेच्या मलेरिया विभागाची माणसं घरी येतात तेव्हा ती कुंड्या, कूलर, टाकी बघतात आणि फ्रिज पुढे ओढायला सांगतात, ते याचसाठी. बऱ्याच लोकांना ती कटकट वाटते. ‘आमच्याकडे कुठे पाणी साचतंय’ म्हणतात, आणि ट्रे ओढला की अळ्या वळवळताना दिसतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात ना, त्या यादीत हा ट्रे घाला. जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा बघितला तरी चालेल.

आता भोक आणि नळी. सिंगल डोअर, म्हणजे बर्फ वितळवायला बटण दाबावं लागतं असा फ्रिज असेल तर हे काम घरी होतं, कारण भोक समोर दिसतं: मागच्या भिंतीच्या तळाशी, पन्हाळीच्या टोकाला. ते मोकळं करायला लोक विणकामाची सुई घालतात, झाडूची काडी घालतात, एकाने छत्रीची तार घातलेली मी पाहिली. तार घालू नका, नळी फाटते आणि मग पाणी थर्माकोलसारख्या फोममध्ये मुरतं, तो वास आयुष्यभर जात नाही. आपल्या नाशिकमध्ये याला एक झकास वस्तू मिळते: ठिबकची बारीक नळी, द्राक्षबागेत लॅटरलमधून, म्हणजे ओळीने टाकलेल्या जाड नळीतून, झाडाच्या मुळाशी नेतात ती मायक्रोट्यूब. ठिबकचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मीटरवर मिळते, स्वस्त असते. लवचीक आहे, टोकाला धार नाही, वळणावर वळते. हात-दीड हात कापून घ्या, हळूहळू आत सरकवा, अडखळली की फिरवा, ढकलू नका. मग इंजेक्शनने कोमट पाणी सोडा, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा. पाणी पलीकडे ट्रेमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत करा. बाहेर येतं ते शेवाळासारखं काळं, तारेसारखं लांबणारं असतं. किळस येईल, पण तोच तुमचा वास.

तुमच्या डबल डोअरमध्ये भोक पॅनलआड आहे. ते पॅनल तुम्ही उघडू नका. आत हीटर, सेन्सर, पंखा आणि वायरिंग आहे, आणि कॉइलच्या पत्र्या बोटं कापण्याइतक्या धारदार असतात. तुमच्या हातात आहे ते बर्फ पूर्ण वितळवणं. सगळं सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, तळाशी जुने टॉवेल किंवा पंचे अंथरा, समोर टेबल फॅन लावा आणि रात्रभर तसाच सोडा. दहा-बारा तास लागतात. घाई असेल तर फ्रीझरमध्ये जाड फडक्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवा. हेअर ड्रायर आत घालू नका, पाणी आणि वीज एकत्र आणायची नाही, शिवाय आतलं प्लास्टिक वाकतं. आणि सुरी तर नकोच.

सुरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या कामांत हे काम मला सगळ्यात नकोसं वाटतं. सिंगल डोअरच्या फ्रीझरची भिंत म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्याच्या आतच गॅसच्या वाटा. बर्फात अडकलेला दुधाचा पुडा काढायला कोणीतरी सुरी किंवा उलथनं मारतं, एक बारीकसं भोक पडतं, ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि संपलं. पत्र्याला जोड लावता येतो, टिकेलच असं नाही. हल्लीच्या बहुतेक फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेणारा आहे. प्रमाण थोडं असतं, साधारण शंभर ग्रॅमच्या आतच, तरी असं काही झालं तर खिडक्या उघडा, गॅसची शेगडी बंद करा आणि त्या खोलीतलं कुठलंही बटण चालू-बंद करू नका. कॉम्प्रेसरजवळच्या स्टिकरवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं, एकदा वाचून ठेवा.

बर्फ पूर्ण उतरला की फ्रिज लावा आणि दोन-तीन आठवडे फ्रीझरच्या तळावर लक्ष ठेवा. बर्फ पुन्हा धरला नाही तर वाटेतला अडसर साधा होता, पाण्याबरोबर गेला. पुन्हा धरला तर गाळ घट्ट आहे किंवा हीटर, सेन्सर यांपैकी काहीतरी गेलंय, आणि मग मेकॅनिक हवाच. त्याने पॅनल उघडून नळी साफ केली की उठायच्या आधी त्याला कपभर पाणी पन्हाळीत ओतायला सांगा आणि तुम्ही मागे ट्रेपाशी उभ्या राहा. कपभर पाणी ट्रेमध्ये आलं तर काम झालं. अर्धाच कप आलं तर तेवढेच पैसे द्या. माझ्या जातभाईंना हे आवडणार नाही, पण जो खरंच साफ करतो त्याला पाणी ओतून दाखवायला काही वाटत नाही.

रबराचं काम सोपं आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारं. दाराच्या रबराला घड्या असतात, त्या बोटाने उलगडून बघा, विशेषतः खालच्या बाजूला आणि बिजागरीच्या कोपऱ्यात. रवा, साखर, दुधाचा ओघळ, आणि त्यावर काळे ठिपके म्हणजे बुरशी. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश, कोपऱ्यांसाठी कान साफ करायची काडी. मग साध्या पाण्याने पुसा आणि कोरडं करा. ओलं ठेवलंत तर बुरशी पुन्हा येते. ब्लीच, ॲसिड, फिनेल यांपैकी काहीही रबराला लावू नका, रबर कडक होऊन तडकतं. आणि एक गोष्ट कधीच करू नका: ब्लीचिंग आणि व्हिनेगर एकत्र. क्लोरीन वायू होतो, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो.

रबर नीट चिकटतंय का ते दहा रुपयांच्या नोटेने बघा. नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. थोडा जोर लागला पाहिजे. सगळ्या बाजूंनी फिरून बघा, एका कोपऱ्यात नोट सरकन निघाली की तिथून दमट हवा आत जाते, म्हणजे जास्त बर्फ, जास्त पाणी, जास्त बिल. दबलेलं रबर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकलं की बऱ्याचदा आकारात येतं. फाटलं असेल तर बदला, मॉडेल नंबर सांगितला की मिळतं. दारात दोन लिटरच्या बाटल्या ठासून भरल्या तरी दार खाली लोंबतं आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. फ्रिज मागच्या बाजूला किंचित कललेला असावा, पुढचे पाय अर्धा-एक आटा उंच. मग दार आपोआप मिटतं.

आता कप्पे. तुम्ही काचेचे कप्पे काढून धुतलेत, पण काचेच्या पुढच्या कडेला जी प्लास्टिकची पट्टी असते ती काढलीत का? बहुतेक मॉडेलमध्ये ती ओढून निघते. काच आणि पट्टीच्या मधल्या खाचेत दूध जातं आणि सुकून पिवळं होतं. इंदिरानगरच्या एका घरात सगळा फ्रिज लखलखीत होता, चकाकणारी काच, डबे लेबल लावून रांगेत, आणि वास मात्र आंबट. पट्टी काढली तर खाचेत नखभर जाडीचा दुधाचा थर, वाळलेल्या खव्यासारखा. ती बाई म्हणाली, अहो, दुधाची पिशवी तर मी नेहमी ताटलीतच ठेवते. ताटली ओसंडते, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. दुधाची पिशवी फ्रिजमध्ये जायच्या आधी नळाखाली धुऊन पुसायची सवय लावा, ती पिशवी क्रेटमधून किती हातांतून आलेली असते ते डेअरीच्या टेंपोत एकदा बघा.

उकळतं पाणी मात्र नको, सासूबाईंना माझा नमस्कार सांगून सांगा. थंड काचेवर उकळतं पाणी पडलं की काच तडकते, प्लास्टिकचे ट्रे वाकतात आणि मग खणात बसत नाहीत. काच अर्धा तास बाहेर ठेवा, घरातल्या तापमानाला येऊ द्या, मग कोमट पाणी. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा पुरे. तारेची घासणी, भांड्यांची पावडर आत वापरू नका, प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्यांतच अडकते. आतल्या भिंती ओतून धुवायच्या नसतात, पिळलेल्या फडक्याने पुसायच्या. दिव्याच्या झाकणात, नॉबच्या मागे पाणी गेलं की बोर्ड जातो, आणि बोर्डाची किंमत ऐकून नवीन फ्रिज स्वस्त वाटतो.

लिंबाबद्दल माझं मत वेगळं आहे. लिंबाच्या फोडी आत ठेवल्या की दोन दिवस छान वास येतो, चौथ्या दिवशी फोडींवरच बुरशी. कॉफी पावडरही नुसती वास झाकते. वाटीत सोडा ठेवला तर थोडाफार वास ओढतो, पण पसरट ताटलीत ठेवा, खोल वाटीत वरचा थरच काम करतो. लाकडी कोळशाचे तुकडे कापडात बांधून ठेवलेत तर त्याहून बरं. यातलं काहीही वासाचं मूळ काढत नाही. मूळ काढल्यावर राहिलेला वास घालवण्यापुरतंच यांचं काम.

मूळ कधी कधी फ्रिजचं नसतंच. चिरलेला कांदा उघड्या वाटीत, अर्धा नारळ, आंबवलेल्या डोश्याच्या पिठाचं सैल झाकण, सुकट. यांना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, दुसरा इलाज नाही. अख्खा कांदा-लसूण फ्रिजमध्ये ठेवूच नका. लासलगावच्या शेजारी राहून कांदा फ्रिजमध्ये कुजवायचा म्हणजे कमाल आहे. त्याला कोरडी, मोकळी हवा लागते. मेथी, कोथिंबीर धुऊन ओली ठेवली तर तिचंच पाणी भाजीखाली साचतं, मग फ्रिजला दोष. निवडून, न धुता, कागदात गुंडाळून ठेवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मला आणखी एक प्रकारचा फोन येतो. काडी पेटवल्यावर येतो तसा तिखट, नाकात जाणारा वास फ्रिजमध्ये येतोय, गॅस गळतोय का? मी विचारतो, पिंपळगावहून किंवा दिंडोरीहून द्राक्षाची पेटी आली आहे का? येते हमखास. एक्सपोर्टच्या पेटीत द्राक्षांवर एक पांढरा कागदासारखा पॅड ठेवतात, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो, तो बुरशी रोखतो. कंटेनरमधून समुद्रापार जाणाऱ्या द्राक्षांना तो पॅड हवा, तुमच्या फ्रिजला नको. पेटी उघडा, पॅड काढून कचऱ्यात टाका, मुलांच्या हाती देऊ नका, द्राक्षं कागदी पिशवीत न धुता ठेवा आणि खाताना धुवा. आणि फ्रिजचा गॅस तसा वास करत नाही, त्याला जवळजवळ वासच नसतो.

मटण, चिकन किंवा मासळी फ्रीझरमध्ये ठेवून गावाला गेलात आणि मागे वीज गेली, तर मात्र प्रकरण अवघड होतं. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास गार राहतो, भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत, अर्धवट भरलेला एक दिवस. त्यापुढे सडतं. ते पाणी सांध्यांमधून फोममध्ये मुरलं की वास धुण्याने जात नाही. सगळं सोड्याने पुसा, प्लग काढून दारं उघडी ठेवून तीन-चार दिवस गॅलरीजवळ हवेवर ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे आणि कोळसा, कागद रोज बदला. एवढं करूनही वास राहिला तर तो फ्रिज अन्नासाठी वापरू नका. पंधरा दिवसांहून जास्त गावाला जाणार असाल तर रिकामा करा, बंद करा, कोरडा पुसा आणि दारात घडी केलेला टॉवेल अडकवा, दार मिटता कामा नये. बंद फ्रिज बंद दाराने ठेवला की परत येईपर्यंत आत बुरशीचं रान होतं.

मागची काळी जाळी असेल तर वर्षातून दोनदा मऊ ब्रशने झाडा, दिवाळीची साफसफाई आणि उन्हाळ्याच्या तोंडावर. फ्लॅटमध्ये फोडणीचं तेल आणि धूळ मिळून तिच्यावर चिकट लोकर बसते. तुमच्या फ्रिजला जाळी दिसत नसेल तर ती बाजूच्या पत्र्यांच्या आत आहे, म्हणून बाजू गरम लागतात, घाबरू नका. फक्त बिल्डरने फर्निचर करताना ठेवलेल्या खाचेत फ्रिज घट्ट कोंबू नका, दोन्ही बाजूंना चार बोटं तरी जागा हवी. आणि वरचं ते लेसचं कव्हर, त्यावर औषधं, त्यावर गणपतीची आरास, हे दुसरीकडे हलवता आलं तर बघा.

थंडीचं एक. नॉबवरचा आकडा म्हणजे तापमान नाही, मोठा आकडा म्हणजे जास्त गार. आतलं तापमान चार अंशांपर्यंत हवं, फ्रीझर उणे अठरा. मधल्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवून सकाळी बघा. फ्रिज जंतूंना मारत नाही, त्यांचा वेग कमी करतो, म्हणून दहा अंशांवर चालणारा फ्रिज कितीही चकाचक असला तरी अन्न खराबच करणार.

कधी करायचं म्हणाल तर मंगळवारी. बहुतेक घरांत गंगेवरच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या, बुधवारच्या बाजाराच्या आदल्या दिवशीच फ्रिज सगळ्यात रिकामा असतो. दूध-दही, लोणी बादलीत बर्फ टाकून वरून ओलं फडकं, दुपार निघते. बाकी फ्रिज दोन-अडीच महिन्यांतून एकदा असा खोलून पुसला की पुरे. सांडलं की मात्र त्याच क्षणी. बंद केलेला फ्रिज पुन्हा लावताना निदान पाच मिनिटं थांबा, कॉम्प्रेसरचा दाब उतरू द्या, आणि आतलं गार झाल्यावरच सामान भरा. आडवा करून कुठे नेला असेल तर उभा केल्यावर काही तास न लावताच ठेवा.

सात वर्षांचा फ्रिज एवढ्यासाठी विकू नका. या मंगळवारी ट्रे, रबर, काचेच्या पट्ट्या आणि रात्रभर बर्फ उतरवणं एवढं करा. दोन-तीन आठवड्यांत फ्रीझरच्या तळाशी पुन्हा बर्फ दिसला तर दाराच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि त्या बर्फाचा फोटो पाठवा, हीटर मागवायचा की सेन्सर ते त्यावरून बोलू.